नाव न छापलेली बातमी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती ओळ माझी होती.

नागपूरच्या एका दैनिकात मी तालुक्यांचं पान पाहायचो. काटोलकडच्या एका गावातून आमच्या बातमीदारानं चार ओळी पाठवल्या: तरुणीवर अत्याचार, आरोपी अटकेत. पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, असा कायदा आहे. नुसतं नाव नव्हे, काहीही. डेस्कवर नव्यानं येणाऱ्यांना तो मीच समजावून सांगत असे. पण बातमी कोरडी वाटली, म्हणून त्याला फोन लावला.

"बाप काय करतो तिचा?"

त्यानं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "पण भाऊ, ते टाकू नका. गाव लहान हाय."

"नाव कुठं टाकतोय आपण?"

आमच्याकडे रीतच होती ती. नाव झाकलं की कायदा पाळला. मी बापाचा धंदा टाकला, दुकानाची जागा टाकली, मुलगी कॉलेजात कितव्या वर्षाला तेही टाकलं. तो धंदा नेमका कोणता, ते इथं लिहीत नाही. खाली 'नाव गुप्त ठेवले आहे' अशी ओळ घातली आणि चहाला गेलो.

काही दिवसांनी वडील ऑफिसात आले. अंक पिशवीत घडी घालून आणला होता. आवाज चढवला नाही त्यांनी.

"नाव नाही छापलं तुमी, बराबर हाय. पण गावात हे दुरुस्तीचं दुकान एकच हाय ना गा. लोक गिऱ्हाईक बनून पोरीले पाहाले येऊन राहिले. एक जण विचारते, किती टाइम लागन? हातात दुरुस्तीले काहीच नाही त्याच्या! आता पोरगी म्हणते, बाबा, मी कोर्टात उभी नाही राहत. काहून लिहिलं असं? कोनं लिहिलं?"

तक्रार करा, कायदा तुमच्या बाजूनं आहे, एवढं सांगायचं होतं. पण तक्रार माझ्यावरच झाली असती. मी म्हणालो, "बातमी तर तुमच्या गावाहूनच येते."

त्यांनी अंक पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "तुमचा तो बातमीदारच तर आला होता आमच्यासंग पोलीस ठाण्यात. दुसरं कोनीच नाही आलं." समोरचं पाणी तसंच ठेवून गेले.

बातमीदारानं त्यांना खरं सांगून पाहिलं, त्यांना पटलं नाही, असं पुढं कानावर आलं. मला त्यानं एक शब्दही विचारला नाही. बातम्या पाठवणं तेवढं बंद केलं.

मुलगी साक्षीला उभी राहिली नाही. आरोपी सुटला. ती बातमीही मीच लावली. ओळख पटेल असं एक अक्षर तीत नव्हतं.

माफी मुलीची मागायला हवी. पण तिच्या दारात जाऊन गावाचे डोळे पुन्हा तिच्याकडे वळवण्याचा हक्क मला नाही. तिच्या वडिलांना मात्र एक सांगणं माझ्याकडे बाकी आहे: ती ओळ तुमच्या गावच्या माणसाची नव्हती. मी लिहिली होती.