फिरवलेली खिडकी

लोखंडी पत्रे ठोकून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कुणी ओरडून बोलत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. यंत्रांच्या दणक्यापुढे ओरडणं वायाच जातं. तिथं माणसं समोरासमोर उभी राहतात, ओठ स्वच्छ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. भोसरीच्या एका कारखान्यात मी ऐन तारुण्यातली वर्षं असा बोललो. तिथं मला चिकटवलं माझ्या थोरल्या भावानं. मला नाटकाच्या तालमींना जाता यावं म्हणून माझ्या वाट्याचा ओव्हरटाइमही पुष्कळदा तोच करायचा.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी माझ्या शब्दोच्चारांचं कौतुक केलं आणि तिथून मला व्यावसायिक रंगभूमीची वाट सापडली. मग चित्रपट आले. शस्त्रक्रिया आटोपून चष्मा काढणारा डॉक्टर मी होतो, निकाल वाचणारा न्यायाधीशही मीच. कॅमेऱ्यापुढे मात्र माझे ओठ जास्त हलत. ‘काका, घास चावल्यासारखं नका बोलू. माइक आहे ना शर्टात,’ असं मला सांगितलं जाई. मी ओठ आवरायला शिकलो. एका मालिकेत नायिकेचा बाप झालो आणि रावेतच्या भाजीवाल्या मावशी मला कोथिंबिरीबरोबर मुलीच्या सासरचे सल्लेही देऊ लागल्या. त्याचा मला आनंद झाला. तो खोट्या विनयाखाली झाकावा असं वाटत नाही.

दरम्यान शॉपमधल्या दणक्यानं दादाचे कान गेले. कानाचं मशीन नाट्यगृहात शिटी मारी आणि शब्दांइतक्याच मोठ्यानं लोकांचे खोकले ऐकवी. निवृत्त होऊन तो तळेगावात स्थिरावला आणि त्यानं नाटकाला येणं सोडलं. मालिका तो बघायचा, पण शेजारी बसून वहिनी प्रत्येक प्रसंग खुणांनी समजावत असे.

“तुझं तोंडच हालत न्हाई आता,” तो एकदा हसत म्हणाला. “पयलं कसं लांबून वाचाया यायचं.”

त्यानं ते चेष्टेत म्हटलं. मला चेष्टेत घेता आलं नाही. त्याचे कान गेले त्या तासांतले काही तास माझे होते. त्यानं माझा ओव्हरटाइम केला नसता तर कान वाचले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

पन्नाशी उलटल्यावर मला रंगभूमीवर पहिली प्रमुख भूमिका मिळाली. मुलं शहरात न्यायला आलेली असताना घर सोडायला तयार नसलेला एक निवृत्त बाप. शुभारंभाचा प्रयोग चिंचवडला होता. हे नाटक दादाला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं पाहिजे, एवढंच मी मनाशी धरलं. ओठ पुन्हा मोकळे करणं तालमीत साधलं. अडचण एकच होती. नाटकातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं मला मागच्या खिडकीशी, प्रेक्षकांकडे पाठ करून करायचं होतं.

मी दिग्दर्शिकेला विचारलं. ती माझ्या मुलीच्या वयाची.

“काका, तुमची पाठ फार छान बोलते.”

“पाठीला ओठ नसतात.”

ती हसली. मग मी तिला दादाबद्दल सांगितलं.

“एका प्रेक्षकासाठी मी रचना नाही बदलणार,” ती म्हणाली. “बदललीच तर सगळ्यांसाठी बदलेन.”

तिचं म्हणणं रास्त होतं. माझं घरचं ओझं मी तिच्या टेबलावर ठेवायला नको होतं, असं वाटून मी विषय सोडला. पण पुढच्याच तालमीला येऊन पाहतो तो खिडकी नेपथ्यातून काढलेली.

“खिडकी आता प्रेक्षकांत आहे,” ती म्हणाली. “तिथून बाहेर बघा आणि बोला.”

मी बोललो. विंगेत चहा पिणाऱ्यांनी पेले खाली ठेवले. “हे आधी का नाही सुचलं मला,” ती स्वतःशीच पुटपुटली.

प्रयोगाला दादा वहिनीबरोबर तिसऱ्या रांगेत बसला होता, मशीन खिशात ठेवून. पहिल्या अंकात त्याचं मोकळं हसू मला ऐकू येत होतं. ते इतरांच्या बरोबरीनं येत होतं आणि एकदा तर सगळ्यांच्या आधी आलं. दुसऱ्या अंकात मी पुढे आलो, त्या नसलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणालो, “मला इथं एकट्याला काहीही त्रास नाही.”

दादा वहिनीच्या कानाशी वाकला. आपण कुजबुजतोय अशी त्याची समजूत होती.

“खोटं बोलतंय. लई तरास हाय त्याला.”

सगळ्या नाट्यगृहानं ते ऐकलं. मागून हशा उठला आणि अर्ध्यातच विरला, कारण ते खरं होतं. महिनाभर मी तेच शब्दांवाचून पोचवायची धडपड करत होतो. मी दादाकडे पाहत राहिलो. पूर्ण शांतता झाल्यावरच पुढचं वाक्य म्हटलं, “अधूनमधून येत जा.” मग कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा पडल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतक्या वर्षांच्या कामात अशा टाळ्या मी दुसऱ्यांसाठीच ऐकल्या होत्या.

दोघं आत भेटायला आले तेव्हा वहिनी रागावलेलीच होती. “अवो, किती मोठ्यानं बोलता? समदी वळून बघत व्हती.”

“मी कुठं काय बोललो?” दादा मनापासून म्हणाला.

दिग्दर्शिका त्याच्यासमोर उभी राहिली आणि सावकाश, स्वच्छ ओठांनी तिनं विचारलं, “पुढच्या प्रयोगाला याल ना?”

“येतो की. आमच्या शॉपची समदी बहिरी गँग आणतो. पुढच्या दोन रांगा ठेवा.”

“आणि मधीच कुणी बोललं तर?” वहिनीनं विचारलं.

“न्हाई बोलनार. आमी काय येडे हाय का?”

त्यांनी दोन्ही रांगा भरल्या. दिलेला शब्द मात्र त्यांतल्या एकालाही पाळता आला नाही.