हॉलंडच्या गाडीला दवाखान्याची वीज

जे धर्मांना जमलं नाही, राज्यांना जमलं नाही, ते विजेच्या एका तारेनं करून दाखवलं: तिनं माणूस माणसाला जोडला. हे वाक्य माझं नाही. आमच्या सरपंचांनी ते जनावरांच्या दवाखान्यामागच्या एका खड्ड्यापाशी, हातात नारळ धरून उच्चारलं. तार तेव्हा अजून जोडायची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या शिवेवर, पुणे-बंगलोर रस्त्यापासून मैलभर आत असलेल्या गावात मी त्या दवाखान्यात नोकरीला होतो. मी डॉक्टर नव्हतो. डॉक्टर तालुक्याला असत आणि पंधरवड्यातून एकदा सहीला येत. पण गाव मला डॉक्टर म्हणे, आणि मीही हळूहळू ओ द्यायला लागलो होतो. माझं मुख्य काम विलायती वळूचं वीर्य गावठी गायींत भरण्याचं. सरकारी भाषेत कृत्रिम रेतन, गावाच्या भाषेत 'सायबाचं इंजेक्शन'. ते काचेच्या बारीक कुप्यांतून, बर्फ भरलेल्या थर्मासात, आठवड्यातून दोनदा सांगलीहून एसटीनं यायचं. गार राहिलं तर दोन-तीन दिवस चालायचं. बर्फ संपला की तेही संपलं.

त्या मंगळवारी एसटी वाटेत बंद पडली. थर्मास हातात आला तेव्हा तीन वाजून गेले होते. एप्रिलचं ऊन, आणि आत पाण्यावर सुपारीएवढा बर्फाचा एक खडा तरंगत होता.

फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार सकाळपासून दाराशी बसून होते. त्यांची गाय दोनदा भरली होती आणि दोनदा उलटली होती, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली होती. घरात पोरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं: या खेपेलाही उलटली तर येईल त्या रविवारी बाजार दाखवायचा. हवालदारांना तिच्यापोटी विलायती कालवड हवी होती, पण त्याहीपेक्षा गाय दावणीला राहायला हवी होती. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, म्हणून गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं एकवीस रेघा ओढून ठेवल्या होत्या. एकविसावा दिवस उद्याचा.

"डाक्टर, ह्यो खडा किती येळ टिकंल?"

"अर्धा तास."

"आन् मग?"

"मग शुक्रवारी दुसरा थर्मास."

"तिचा माज काय शुक्रवारपतूर थांबतोय व्हय, तुमच्या एसटीसाठी?"

मी थर्मासाचं झाकण घट्ट लावलं. एवढ्यात सरपंचांची मोटरसायकल आवारात शिरली, आणि तिच्यामागून खिडक्यांना पडदे लावलेली एक पांढरी मोठी गाडी. आत पन्नाशीचं गोरं जोडपं. हॉलंडहून रस्त्यानं आले होते, गोव्याला निघाले होते. गाडीत पलंग, चूल, हात धुवायचं भांडं, सगळा संसार. गावात इंग्रजी कळणारा मीच, म्हणून सरपंचांनी त्यांना हमरस्त्यावरून माझ्याकडं आणलं होतं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला अडचण सांगितली. त्यांचा गॅस संपला होता आणि त्यांच्या नळकांड्याच्या तोंडाला आपल्याकडचं काहीच बसत नव्हतं. त्यामुळं गाडीतला गॅसवर चालणारा फ्रीज बंद पडला होता. तो विजेवरही चालतो. त्यांच्याकडं अशा गाड्यांसाठी मैदानं असतात, प्रत्येक गाडीमागं एक खांब असतो, तार जोडायची आणि झोपायचं.

मी हे सरपंचांना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला.

"खांब? आपल्याकडं न्हाई व्हय खांब?" त्यांनी रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडं बोट केलं आणि जमलेल्या गर्दीतल्या गावच्या वायरमनला हाक मारली. "लग्नाच्या मांडवाला टाकतोस तसा आकडा टाक रं!"

वायरमननं टोकाला आकडा बांधलेला बांबू आणला. पाहुण्यानं बांबू पाहिला, वरची उघडी तार पाहिली, आणि बायकोला हात धरून चार पावलं मागं नेलं.

मला मात्र त्यांच्या बोलण्यातला 'फ्रीज' एवढा एकच शब्द ऐकू आला होता. मी म्हणालो, आकडा राहू द्या, दवाखान्यातून वीज घ्या. पण फ्रीजमध्ये माझी एक कुपी ठेवावी लागेल. पाहुणा लगेच कबूल झाला.

आता प्लग. त्यांचा जाड दोन पायांचा, आमच्या भिंतीत तीन भोकं. वायरमन म्हणाला, त्यात काय, आणि तारेचं टोक दातात धरून सोलायला लागला. उघड्या तारा भोकांत घालून वर आगकाड्या खोचायच्या, ही आमची सर्वमान्य पद्धत. पाहुण्यानं तार त्याच्या तोंडातून हळूच काढून घेतली. गाडीतून स्वतःचे स्क्रू, पकड आणि वीज तपासायची, तीन दिवे असलेली एक डबी आणली. दवाखान्यातला तीन पायांचा प्लग मागून घेऊन तारेला बसवला आणि आधी डबी लावून पाहिली. दोन दिवे लागले, तिसरा लागला नाही. त्यानं मान हलवली. अर्थिंग नाही, अर्थिंगशिवाय तो गाडी जोडणार नव्हता.

"त्या डबीला काय कळतंय?" वायरमन चिडला. "हितं धा वर्सं ह्याच तारंवर काम करतोय मी. मेलोय का?"

अर्थिंग होतं. दवाखान्यामागं मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा होता. उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं, नाहीतर ते नुसतं नावाला उरतं. दर सोमवारी पाणी घातल्याची रजिस्टरात नोंद होती. ती मीच करत असे.

थर्मासातला खडा आता हरभऱ्याएवढा झाला होता. हवालदारांनी विचारलं, "नुसतं पानीच लागतंय न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता बादली घेऊन विहिरीकडं पळाले. मी दुकानातून खडेमीठ आणून टाकलं. हवालदार खेपा घालत होते, खड्डा पाणी गिळत होता, आणि तेवढ्या वेळात सरपंचांनी नारळ मागवून भाषण सुरू केलं. माणूस माणसाला जोडला, हे त्यातलंच. शेवटी नारळ फोडला, पाणी खड्ड्यात ओतलं, आणि डबीतला तिसरा दिवा लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचं पाणी वाटीभर होतं. त्याआधी हवालदारांनी अकरा बादल्या ओतल्या होत्या. त्यांची नोंद कुणी घेतली नाही.

गाडी जोडली, फ्रीज घुरघुरण्याऐवजी गप्पच राहिला, पण अर्ध्या तासात आतली भिंत गार लागायला लागली. मी कुपी चीजच्या वडीशेजारी ठेवली. काय आहे, असं पाहुण्यानं विचारलं. बाई समोर असल्यानं मी म्हणालो, गायीचं औषध. त्यानं कुपी उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि खदखदून हसला. घरी त्याच्या स्वतःच्याच गायी होत्या आणि कुपीतल्या वळूची काळीपांढरी जात त्याच्याच मुलखातली.

मी हे हवालदारांना सांगितलं. ते खाडकन उभे राहिले. "म्हंजे पावनं नवऱ्यामुलाकडचं! आवं, मग असं उन्हात काय हुभं केलंय त्यास्नी?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाय हंबरायला लागली. माज सुरू झाला होता, पण पहाटे माजावर आलेली गाय भरायची ती संध्याकाळी. पाहुण्यांना सकाळी निघायचं होतं; व्याही झालेल्या हवालदारांनी हात जोडून थांबवलं. अकराला लाईट गेली.

आमच्या डोंगरापलीकडं कोयना. तिथली वीज मुंबईला न चुकता पोचते, असं आम्ही ऐकून होतो. फ्रीजचं दार उघडलं नाही तर गारवा टिकेल, असं पाहुणा म्हणाला. हवालदारांनी हा हुकूम समजून गाडीच्या दारातच ठाण मांडलं. बाई चहासाठी फ्रीजमधलं दूध घ्यायला आली तशी त्यांनी हात आडवा केला. "नो ओपन, मेमसाब. ऑर्डर!" तिनं बिनदुधाचा चहा घेतला, दोनदा.

पाहुणा नकाशा उलगडत होता आणि घडी घालत होता. मी गोठ्यात जाऊन येत होतो, खांबाकडं बघत होतो, पुन्हा गोठ्यात जात होतो. गाय दावं ताणून जागच्या जागी फिरत होती. "आली का रं?" हवालदार दर पाच मिनिटांनी वायरमनला विचारत. तो म्हणे, "आल्यावर दिसंलच की." त्या दिवशी आवारात स्वस्थ असा तो एकटाच.

चारला लाईट आली. पाचला मी दार उघडलं आणि कुपी गालाला लावली. गार होती. हवालदारांनी शेपूट धरलं, मी काम उरकलं. पाहुण्यानं तार आपल्या हातानं काढली, गुंडाळली आणि दिवस असेतो निघून गेला. तार काढण्याचंही भाषण सरपंचांनी तयार ठेवलं होतं.

गाय उलटली नाही. बाजाराचा विषय संपला. हवालदारांनी माझ्याकडून हॉलंडला पत्र लिहून घेतलं आणि पुढचे नऊ महिने गावात कालवडीच्या दुधाची चर्चा चालली. भांडं केवढं लागेल, इथपर्यंत.

खोंड झाला. विलायती बापासारखंच त्याला वशिंड नव्हतं, त्यामुळं मोठा झाल्यावरही मानेवर जू ठरत नसे.