घाटोळ्याच्या उजव्या हाताची केस

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झटकता येते. किस्से मात्र कपाटामागे, गादीखाली, कारकुनाच्या डोक्यात, जागा मिळेल तिथे बसून राहतात. मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसची किल्ली परत केली, पण किस्से कुणी परत मागितले नाहीत. तेव्हा ऐका.

राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी कारकून फायलींसकट इकडे आले. आमचे वकील दादासाहेब पिंपळखुटे यांचे निम्मे अशील त्या कारकुनांत होते. अशील गेल्यावर वकिलानं मागे राहून करायचं काय? म्हणून दादासाहेब आले, आणि दादासाहेबांच्या मागोमाग मी, त्यांचा कारकून.

भोपाळात आल्यावर आमची पहिली मोठी केस तलावातून वर आली. अक्षरशः!

*

झालं असं. थंडीतल्या एका रविवारी एका सेक्शनची मंडळी बड्या तालाबावर नावेतून फिरायला गेली. नावेत कोण कुठे बसणार यावर घाटावरच अर्धा तास चर्चा झाली. अखेर सगळे सीनियॉरिटीप्रमाणे बसले. पुढच्या टोकाला हेडक्लार्क, त्यांच्या मागे अप्पर डिव्हिजन, मग लोअर डिव्हिजन, आणि शेपटीला टेंपररी टायपिस्ट वसंता घाटोळे. नावाडी म्हणत होता, "को खाँ, भारी आदमी बीच में बैठो!" पण वजनापेक्षा ग्रेड मोठी. कुणी हललं नाही.

नाव घाटापासून थोडी दूर गेली आणि समोरून दुसरी नाव आली. तिच्यात अंडर सेक्रेटरी मोहरील साहेब सहकुटुंब बसले होते.

साहेब दिसल्याबरोबर अख्खा सेक्शन नमस्काराला उठून उभा राहिला!

पाणी फार खोल नव्हतं, नावाडी तरबेज होते, सगळे बाहेर निघाले. हेडक्लार्कांचा चष्मा गेला. वसंताचा उजवा हात मात्र नावेच्या काठाखाली सापडला आणि मनगटापासून मोडला.

*

टायपिस्टचा उजवा हात. आणि तोही टेंपररी टायपिस्टचा! वर्षाच्या आत टायपिंगची परीक्षा पास झाला तर कायम, नाही तर घरी. घर म्हणजे अकोल्याला आई आणि दोन धाकट्या बहिणी. नागपूरला परत जावं तर तिथलं ऑफिसच राहिलं नव्हतं, तेच तर उठून इकडे आलं होतं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जेवता येईल, सही करता येईल, पण या बोटांना टायपिंगचा वेग काही यायचा नाही."

वसंता दादासाहेबांकडे आला. दादासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान लावत म्हणाले, "घाटोळे, तुझी पंचाईत लक्षात आली का? कोर्टात आपण सांगणार की याला टाइप करता येत नाही. तिकडे परीक्षेत तू दाखवणार की मला टाइप करता येतं. दोन्हींपैकी एकीकडे नापास व्हावं लागणार."

वसंता म्हणाला, "दादासाहेब, केस हरलो तर मेसचं बिल राहील. नोकरी गेली तर मेसच राहणार नाही. दोन्हीकडे पास करा."

*

दादासाहेबांनी तलावावरच्या नावांचा ठेकेदार नन्हे खाँ याला कडक इंग्रजीत नोटीस धाडली. दोन कोर्टांचं इंग्रजी एका नोटिशीत होतं. आठवडाभरात उत्तर आलं, आणि ते स्वतः चालत आलं. नन्हे खाँ हातात भलामोठा रोहू मासा घेऊन दारात उभा!

"वकील साब, आपका ख़त मिला. पढ़ा तो गया नईं. सोचा, ख़ुद ही मिल लूँ."

दादासाहेब शाकाहारी. त्यांनी खुर्ची मागे ओढली. "खाँ साहब, हम आप पर दावा कर रहे हैं!"

"हाँ तो करो! ख़ाली हाथ आता क्या?"

मासा माझ्या घरी गेला. पुरावा म्हणून जपून ठेवण्यासारखी ती वस्तू नव्हती.

*

त्या काळात वसंताला एक सवय लागली. बोलता बोलता त्याच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर, गुडघ्यावर, शेजाऱ्याच्या खांद्यावर सारखी थरथरायची. मेसमध्ये ताटाच्या काठावर चालायची, तेव्हा आचारी ओरडायचा, "अरे बाबा, भात वाढला ना, वाजवतोस काय?"

दादासाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. मला म्हणाले, "लिहा. अपघातामुळे मज्जासंस्थेवर गंभीर आघात. डावा हातही कायम कापतो. मागणीत भर घाला!"

मी लिहायला घेतलं तेवढ्यात वसंता म्हणाला, "दादासाहेब, कापत नाही. डाव्या हातानं टायपिंगची प्रॅक्टिस करतोय. आत्ता क्विक ब्राऊन फॉक्स कुत्र्यावरून उडी मारत होता."

दादासाहेबांनी पानाचा डबा मिटला. मग मला म्हणाले, "खोडा."

*

भोपाळात पटिये नावाची एक संस्था आहे. दुकानांपुढे दगडी फरशा असतात. दुकानं मिटली की त्यांवर लोक बसतात आणि साऱ्या जगाचे निकाल लावतात. आमच्या केसचा निकाल तिथे कोर्टाच्या पुष्कळ आधी लागला होता. दोनदा लागला होता, दोन वेगवेगळे.

नन्हे खाँनं साक्षीला पटियावरचे एक बुजुर्ग आणले. त्यांनी अपघात असा काही रंगवला की वाऱ्याची दिशा, साहेबांच्या टोपीचा रंग, हेडक्लार्क बुडताना काय म्हणाले, सगळं आलं. लिहून घेणारा कारकूनही लिहायचं विसरला!

दादासाहेब उलटतपासणीला उठले. "आप उस वक़्त घाट पर कहाँ खड़े थे?"

"घाट पे? घाट पे अपन काए को जाएँगे खाँ, घुटने में दर्द रैता है."

"फिर आपने ये सब देखा कैसे?"

बुजुर्गांनी दया येऊन दादासाहेबांकडे पाहिलं. "वकील साब नए आए हैं. अमाँ, उस शाम पटिये पे सबसे पैले अपन ही पहुँचे थे!"

*

नन्हे खाँचे वकील होते सिद्दीकी साहेब. शेरवानी, पानदान आणि मधाळ आवाज. तारखेच्या दिवशी ते दादासाहेबांना झोडपून काढायचे आणि मग स्वतःच्या टांग्यातून घरी सोडायचे, कारण दादासाहेबांना भोपाळच्या गल्ल्या अजून कळत नव्हत्या. दादासाहेब म्हणायचे, "या माणसाशी भांडता येत नाही हो. भांडलो तर घरी कसा जाऊ?"

सिद्दीकी साहेबांचा मुद्दा साधा होता. मंडळी उभी राहिली म्हणून नाव उलटली, त्याला ठेकेदार काय करणार? आमचं म्हणणं होतं की वसंता बसूनच होता. उभं राहून नमस्कार करण्याइतकी ग्रेड टेंपररी माणसाला असते कुठे?

शेवटच्या तारखेला सिद्दीकी साहेबांनी मोहरील साहेबांना साक्षीला बोलावलं. अख्खा सेक्शन कॅज्युअल घेऊन कोर्टात हजर. पुकारा झाला, दार उघडलं, मोहरील साहेब आत आले.

आणि मागचे तिन्ही बाक एकदम उठून उभे राहिले! सगळ्यांत आधी वसंता, मोडका हात डाव्या हाताला जोडून.

सिद्दीकी साहेबांनी मान लववली. "हुज़ूर, अब मुझे किसी गवाह की ज़रूरत नहीं."

तरी साहेबांची साक्ष झालीच. ते म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. नावेत बसल्यापासून उतरेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते."

हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी त्या दिवशी जे पळालं, ते चष्मा गेला तेव्हाही पळालं नव्हतं.

*

मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात तोंडं पाडून बसलो होतो. हरल्यातच जमा होतं. परीक्षा सोमवारवर आलेली, आणि ती घेणार मोहरील साहेबच. वसंताची बोटंही थांबली होती.

तेवढ्यात नन्हे खाँ आला आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"जीत तो गए अपन. पर मियाँ, तुम हमारी नाव में बैठे थे. मेहमान का हाथ टूटे और हम जीत के घर जाएँ, पटिये पे कौन बैठने देगा? इलाज का ख़र्चा और साल भर की तनख़्वाह ले लो."

त्याची एकच अडचण होती. धंद्यात थोरला भाऊ भागीदार. कोर्टाच्या कागदात 'उजवा हात टायपिंगसाठी कायमचा निकामी' असं स्पष्ट आल्याशिवाय तो छदामही सोडणार नव्हता.

दादासाहेब आणि सिद्दीकी साहेब धावतच न्यायाधीशांकडे, मुन्सिफसाहेबांकडे, गेले. तर तिथे निराळीच घाई! मुन्सिफसाहेबांची बस्तरला बदली झालेली, संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. तडजोड आज कागदावर आली तर सही करतो म्हणाले, नाही तर नव्या मुन्सिफांपुढे पुन्हा पहिल्यापासून. कागद टाइप केलेलाच हवा असा त्यांचा नियम, कारण कोर्टातले जुने कारकून हातानं उर्दूत लिहीत आणि मुन्सिफसाहेब जबलपूरचे, त्यांना उर्दू वाचता येत नसे.

"टायपिस्ट कुठाय?" दादासाहेबांनी विचारलं.

कोर्टाचा कारकून, पेशकार, म्हणाला, "साहब का सामान बाँधने गया है."

मला टाइप येत नव्हतं. सिद्दीकी साहेबांच्या मुन्शीला येत नव्हतं. मशीन कोपऱ्यात कापड पांघरून बसलं होतं, आणि त्याच्याशेजारी मोहरील साहेब. साक्षीला आल्याचा टाइप केलेला दाखला मिळाला नसता तर त्यांची अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली असती.

वसंता उठला. कापड काढलं, कागद चढवला आणि उजवा हात मांडीवर ठेवून बसला.

आधी साहेबांचा दाखला टाइप केला. मग सिद्दीकी साहेब सांगत गेले आणि त्याचा डावा हात मशीनभर पळत राहिला. मोहरील साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं होतं, बहुधा घरी जायला उशीर होत असावा. 'वादीचा उजवा हात टंकलेखनास कायमचा निकामी झाला असून' या मजकुरावर दादासाहेबांना ठसका लागला.

मुन्सिफसाहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एक खाडाखोड नाही. "किसने टाइप किया?"

दादासाहेब छताकडे पाहू लागले.

सिद्दीकी साहेब अदबीनं पुढे झाले. "हुज़ूर, ख़ुद मुद्दई घाटोळे ने. बाएँ हाथ से. दायाँ आपके दस्तख़त होते ही बेकार हो जाएगा."

मुन्सिफसाहेब एवढे हसले की सहीची रेघ समासात गेली.

व्हरांड्यात मोहरील साहेबांनी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि वसंतासमोर थांबले.

"घाटोळे, सोमवारी परीक्षेला येऊ नका."

वसंताचा चेहरा पांढरा पडला. नन्हे खाँनं त्याला सावरायला हात पुढे केला.

साहेब पायऱ्या उतरले. खाली टांग्यात पाय ठेवता ठेवता, मागे न बघता म्हणाले,

"स्पीड जरा कमी आहे. कायम झाल्यावर वाढवा."