हडसनवाली

हडसनवाली कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून बघायची. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने भिंतीवरची गणपतीची तसबीर उतरवली आणि तिची पाठ बघितली. मागे पाल होती. पाल तिच्या हातावरून पळाली, तरी हिची नजर फ्रेमच्या खिळ्यांवर. म्हणाली, "काकू, पुढची बाजू नटलेली असते. मागच्या बाजूला खोटं बोलायचा कंटाळा येतो." मी तसबीर परत टांगली आणि चहा टाकला.

दोह्यात अल नस्रला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. चाळिशीची, मूळची नाशिकची. लिलाव करणाऱ्या एका कंपनीत ती चित्रांच्या किमती ठरवायची. चित्रं तरी कुठली, तर दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काढलेली. डोंगर, झाडं, तळी. हडसन नावाची नदी त्यांत फार, म्हणून बिल्डिंगमधले मराठी लोक तिला हडसनवाली म्हणत. मी चौथी शिकलेली. डोंगर अमेरिकेतला, भिंत कतारमधली आणि किंमत सांगणार नाशिकची बाई, हे मला पटायला वेळ लागला.

तिचा ठरलेला प्रश्न होता, "कोणाकडून आलं?" चित्र आधी कोणाच्या घरी होतं, त्याच्याआधी कोणाच्या, हे कळल्याशिवाय ती किंमत बोलत नसे. तो तिचा धंदाच होता. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मोत्यांचा सर दाखवला आणि सासूबाईंचा म्हणून सांगितला. हिने विचारलं, "सासूबाईंना कोणी दिला?" बाई म्हणाल्या, "त्यांच्या सासूबाईंनी." "आणि त्यांना?" असं करत करत तो सर इथल्याच मॉलमधल्या दुकानात पोचला. त्या बाई पुन्हा तिच्याशी बोलल्या नाहीत. ती मला म्हणाली, "सर चांगला होता हो. गोष्ट कशाला जोडायची?"

एकदा लिलावाआधी चित्रं मांडली होती तिथे मला घेऊन गेली. एसी इतका की मी शाल पांघरली. एका चित्रापुढे मला उभं केलं. मोठं तळं, मागे डोंगर, संध्याकाळचं पिवळं ऊन, कोपऱ्यात मुंगीएवढी दोन माणसं.

"कसं वाटतं?"

"एवढं पाणी आणि भरायला एक बाई नाही."

"काकू, शांत पाणी असलं, असं ऊन असलं की किंमत चढते. गाई असल्या की उतरते."

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हटलं. ती खूप हसली. तिथे हसत नसावेत, सगळे वळून बघायला लागले.

त्याच चित्राने तिचं वाटोळं केलं. खाली एका मोठ्या चित्रकाराची सही होती. त्या नावावर सगळी किंमत. एका शुक्रवारी ती जेवायला आली आणि ओट्याला टेकून सांगायला लागली. जुन्या रंगाला भेगा पडतात. सहीचा रंग त्या भेगांत उतरला होता, म्हणजे सही भेगा पडल्यावर कोणीतरी मागाहून केलेली. "चित्र म्हातारं आहे काकू, सही तरुण आहे." साहेबांना तिने दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, नाम रहने दो. इन्शाल्ला कोई नहीं पूछेगा." लिलावाच्या छापायच्या पुस्तकात चित्राखाली त्या मोठ्या चित्रकाराचं नाव राहू द्यायचं की काढायचं, हे सोमवारपर्यंत सांगायचं होतं. काढलं तर नोकरी जाणार हे तिला कोणी सांगायला नको होतं. इथे नोकरी गेली की घर जातं आणि मागोमाग देशही.

मी मिक्सरमध्ये खोबरं घातलं होतं. तिने विचारलं, "मग काकू, काय करू?"

मी म्हटलं, "नावं ठेवू नकोस गं," आणि बटण दाबलं. "साहेब म्हणतात तसं कर," हे पुढचं मिक्सरने खाल्लं. ती "बरं" म्हणाली आणि दोन वाट्या आमटी प्यायली. मला वाटलं, पोरगी शहाणी आहे.

सोमवारी तिने नाव काढायला सांगितलं. चित्र लिलावातून उतरवलं गेलं. चित्राचा मालक चिडला, साहेब त्याच्याहून चिडले, आणि महिना संपायच्या आत तिचं काँट्रॅक्ट खलास. माझा मुलगा म्हणाला, "आई, एवढी हिंमत तिला आली कुठून?" मी म्हटलं, "मला काय माहीत." मला खरंच माहीत नव्हतं.

निघायच्या दिवशी ती बॅगा लिफ्टपाशी लावून पाया पडायला आली. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट फार वेळ लावते, म्हणून बोलणं झालं.

"काकू, माझ्या घरचे सगळे म्हणाले गप्प बस. तुम्ही एकट्याच म्हणालात, नाव ठेवू नकोस. तेवढ्यावर मी उभी राहिले."

मी म्हटलं, "अगं, नाव नव्हे. नावं. त्यांच्या चित्राला नावं ठेवू नकोस, नोकरी सांभाळ, असं सांगत होते मी."

तिने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. मला वाटलं आता रडणार, आणि रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही.

लिफ्ट आली. तिने बॅगा एकेक करून आत ढकलल्या, स्वतः आत शिरली आणि दार लागता लागता म्हणाली, "बरं झालं मिक्सर चालू होता."