आठही मशिनींवर माझंच नाव

जयपूरला सी-स्कीममधल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आठ जण एकाच फोल्डरमध्ये काम करायचे. प्रत्येकाने आपली प्रत वेगळी ठेवावी, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण पुस्तक वाचतो कोण! शेअर्ड ड्राइव्हवर एकच फोल्डर, एका ताटात आठ हात. दोघांनी एकदम कोडमधले बदल जमा केले की 'फोल्डर लॉक आहे' असा एरर यायचा. मग कुणीतरी ओरडायचं, "सब रुको!" सगळे कीबोर्डवरून हात उचलायचे आणि मी क्लीनअपची कमांड चालवून कुलूप काढायची. दिवसातून पाच-सहा वेळा. मला त्याचा भारी तोरा होता.

आणखी एक कटकट होती. बदल जमा करताना प्रत्येक मशीन नाव आणि पासवर्ड मागायचं. एकदा वैतागून मी आठही मशिनींवर माझंच नाव टाकलं आणि 'लक्षात ठेव'वर टिक केलं. मतलब, बला टळली.

मी आणि सोडाल्याहून येणारी एक मुलगी, दोघी सहा महिन्यांच्या बोलीवर होतो. एकीलाच ठेवणार होते. माझे बाबा रेल्वेतून रिटायर होणार होते; माझी नोकरी टिकली तर जयपूर, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून अकोला. मला अकोल्याला जायचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी बदलांची यादी उघडली. कुणी काय लिहिलं, ते तिच्यात नावानिशी दिसतं, आणि आठही मशिनींवरून नाव जात होतं माझंच. सगळ्यांसमोर म्हणाले, "देखो, सारा काम तो इसी ने किया है." निम्म्याहून जास्त काम त्या मुलीचं होतं. बाकीचे पर्मनंट, त्यांना कशाचं सोयरसुतक नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "थँक्यू सर." जेवताना तिने गट्ट्याची भाजी रोजच्यासारखी आधी मला वाढली.

शनिवारी तिची मुदत संपली आणि ती गेली. सोमवारी तिच्याच कामात बिघाड निघाला. साहेब म्हणाले, "तुमने लिखा है, तुम्हीं ठीक करो." दुपारपर्यंत मला ओ की ठो कळेना. शेवटी निर्लज्जासारखा तिलाच फोन लावला.

तिने ओळ न् ओळ समजावली. स्वतःच लिहिलेलं तुला कसं कळत नाही, असं एकदाही विचारलं नाही. फोन ठेवताना म्हणाली, "अब सबकी मशीन से अपना नाम हटा दे. नहीं तो हर गलती तेरे ही माथे आएगी."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बिघाड दुरुस्त झाला. मी तो बदल जमा केला, माझ्या नावावर.