कोर्टाने मंजूर केलेली मांडी

माझ्या अंगातल्या बाकी कुठल्या अवयवाची समाजाने कधी दखल घेतली नाही. मांडीची मात्र थेट कोर्टाने घेतली.

धाकट्या बहिणीचा संसार चार वर्षांत आटोपला. ती नाशकात आमच्याकडे परत आली, दाजी सायखेड्याला राहिले. मधे अडीच वर्षांची माझी भाची. तिच्या ताब्यासाठी दोन वकील एकमेकांना ‘माझे विद्वान मित्र’ म्हणत बोचकारत होते. निकाल लागेपर्यंत पोर आईकडे. बापाला महिन्यातून दोन शनिवार, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट. तिथे खेळायला चाक निखळलेली गाडी आणि एका डोळ्याचं अस्वल. बापलेकीचं प्रेम वाढावं म्हणून सरकारने केलेली सोय!

अशात दाजींच्या वकिलाने अर्ज टाकला. मुलीचं जावळ राहिलंय. ते विषम वर्षातच काढायचं असतं, आणि तिसरं वर्ष अर्धं सरलंय. तरी एक दिवस तिला सायखेड्याला न्यायची परवानगी मिळावी. आमचे वकील कडाडले, “पोर पळवण्याचा डाव आहे!” मग अडीच वर्षांच्या जिवाच्या केसांवरून कायद्याचा असा कीस पडला, की ऐकता ऐकता माझेच चार गळले असतील.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “जावळ काढताना बाळ कोणाच्या मांडीवर बसतं?”

“मामाच्या,” दोन्ही वकील एका सुरात म्हणाले. वर्षभरात त्यांचं एकमत झालेला तो एकमेव मुद्दा.

“मामा आलाय?”

तिसरी घंटा होऊन पडदा वर जावा, तसा मी शेवटच्या बाकावरून उठलो. हुकूम झाला: मामाने न्यावं, मामाने संध्याकाळपर्यंत परत आणावं.

निघताना बहिणीने माझा दंड धरला. तिचा हात गार पडला होता. “दादा, एकदा ती त्या घरात शिरली, की मला परत मिळायची नाही. मांडीवरून खाली ठेवू नकोस तिला.”

“अगं, जेवताना?”

“जेवतानाही नाही.”

सायखेड्यात अंगणात मांडव, मटणाच्या रश्शाचा घमघमाट आणि शंभर माणसं. मी मधोमध पाटावर, मांडी घालून, मांडीवर भाची. आत्याने पदर पसरला, न्हाव्याने वस्तरा चालवला, भाचीने आकाशपाताळ एक केलं. जावळ पदरात पडलं. मी मात्र पाटावरून हललो नाही. जेवण तिथेच, रस्सा तिच्या डोक्यावरून. दाजी दुधाभोवती मांजर फिरावं तसे घिरट्या घालत होते.

त्यांच्या आईला राहवेना. “मामा, द्या की जरा पोरीला. खाऊन टाकणार हाय का आम्ही?”

“आजी, कोर्टाचा हुकूम आहे.”

“हुकूम पोरीला हाय का तुमच्या मांडीला?”

मांडव हसला. मीही हसलो. तेवढ्यात भाची म्हणाली, “शू.”

मी उठायला गेलो. पाय उठेनात. कमरेखाली माझं काही शिल्लक असल्याचा पुरावाच नव्हता. पोरीने समोर हात पसरले, दाजींनी दोन ढांगांत येऊन तिला उचललं, आणि दोघं घरामागे दिसेनासे झाले.

“अहो, धरा त्यांना!” मी ओरडलो. लोकांना वाटलं, मला धरा म्हणतोय; चौघांनी येऊन मलाच धरलं. मुंग्यांनी पाय पेटले होते, आणि दंडावर अजून तो गार हात होता. लंगडत, मांडवाचे खांब कवटाळत मी घरामागे पोचलो.

तिथे कडुनिंबाखाली न्हावी बसलेला. पोरीने त्याच्या आरशात स्वतःला पाहिलं होतं आणि हंबरडा फोडला होता. आता ती हुंदके देत बापाच्या गुडघ्यावर उभी होती, आणि दाजी मान खाली घालून डोकं भादरून घेत होते. अर्धं झालं होतं. झालेल्या भागावर ती चापट्या मारत होती.

मागून त्यांची आई आली आणि किंचाळली, “अरे मुडद्या! मी जित्ती हाय, तुझा बाप खाटंवर विडी ओढतोय, अन् तू कोणाच्या नावानं डोकं भादरतो?”

“ती एकटी कशी राहील टकली?” दाजी म्हणाले.

संध्याकाळी दारातच बहिणीने पोरीला ओढून घेतलं. पोर म्हणाली, “बाबा पण टकलू.” मग मी सगळा प्रसंग करून दाखवला, दाजींच्या आईच्या आवाजासकट. बहीण हसली, बऱ्याच दिवसांनी हसली, आणि मग पोरीच्या टकलावरून हात फिरवत राहिली.

पुढच्या तारखेला आमचे वकील खुशीत. “आईबाप जिवंत असताना मुंडण! डोकं ठिकाणावर नाही याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? लिहूनच टाकतो.” समोरच्या बाकावर ते डोकं बसलं होतं, खुंट उगवलेलं.

“ते नका लिहू,” बहीण म्हणाली. “दर रविवारी तिला दिवसभर सायखेड्याला नेऊ दे, असं लिहा. संध्याकाळी आणून सोडतील.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. “आणि सोबत मामा?”

मी पाठ ताठ केली, घसा खाकरला.

“मामा नको,” बहीण म्हणाली. “त्याच्या पायाला मुंग्या येतात.”