ओवी मागेपर्यंत थांबायचं

"घरात एक मुकी होती, आता दोन झाल्या."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, हे शेजारणीला सांगत होत्या आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. लग्नाला नऊ दिवस झाले होते. पहिली मुकी म्हणजे जाऊबाईंची तीन वर्षांची ओवी. दुसरी मी. चहा दिला आणि गप्प बसले. बोलणाऱ्यांचे किस्से वाटेत सांडत जातात, गप्प बसणारीकडं नुसते साठतात. त्यातलेच हे थोडे.

*

आमचा ढाबा नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून. घर त्याच्या मागंच. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, अभिमान एकाच गोष्टीचा: आपल्याकडं गिऱ्हाईकाला तोंड उघडावं लागत न्हाय. ड्रायव्हर केबिनमधून उतरेपर्यंत ते ओळखतात, याला शेवभाजी, त्याला बिनसाखरेचा चहा. आणि बरोबर निघतं.

घरात ओवीचीही तीच सरबराई. तिनं माठाकडं नुसतं बघितलं की तीन पेले हजर. बोट दाखवलं की बिस्कीट. तोंड वाकडं व्हायच्या आधीच कडेवर.

शेवटी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी आधी कान तपासून घेतले. ते ठीक निघाले. मग घरातलं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "हिला दिवसभरात बोलायची गरज कधी पडते?"

तेवढ्यात ओवीनं पाण्याच्या बाटलीकडं बघितलं आणि मामा, आत्या, जाऊबाई, मी, चौघांचेही हात तिकडं गेले.

हे एकच कारण नसतं, कुणाची चूक शोधू नका, पण सुरुवात इथून करू, असंही त्या म्हणाल्या. परतीच्या एसटीत जाऊबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. नळदुर्ग जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला आजून आई म्हणली न्हाय ती."

*

मॅडमचा पहिला नियम: वस्तू दिसेल पण हात पुरणार नाही अशी ठेवायची, आणि द्यायच्या आधी मनात दहा मोजायचे.

मामांनी बिस्किटाचा पुडा वर धरला, ओवीकडं बघितलं आणि लगेच देऊन टाकला. जाऊबाईंनी विचारलं, दहा मोजले का?

"मोजले की. दोन, चार, सहा, आठ, दहा."

रोट्या जोडीनं मोजायची सवय!

*

शेजारणीनं आत्यांना सांगितलं, पोपटानं टोचलेला पेरू चारा, पोर घडाघडा बोलतं. आत्यांनी जळकोटहून कुणाच्या तरी पिंजऱ्यातल्या पोपटाचा उष्टा पेरू पिशवीत घालून आणला. जाऊबाई म्हणाल्या, मॅडम रागावतील. आत्या म्हणाल्या, मॅडमला सांगायला कोण जातंय?

मामांनी शांतपणे विचारलं, तो पोपट काय काय बोलतो.

आत्या जरा वेळ पिशवीशी खेळल्या. "बोलत न्हाय तो. शिटी मारतो."

पेरू शेवटी म्हशीनं खाल्ला.

*

दुसरा नियम: तिला 'हे म्हण, ते म्हण' करायचं नाही. आपण जे करतोय ते तिच्याशी बोलत करायचं. हे काम माझ्याकडं आलं. का, ते विचारू नका. मॅडमना वाटलं मला सराव होईल.

मी चुलीपुढं, ओवी पाटावर. मी सुरू केलं. "आता मी भाकरी थापते. आता तव्यावर टाकते. आता भाकरी चिरली. आता आत्यांना दिसायच्या आत मी ती खाली घालते, वर चांगली ठेवते."

ओवी माझ्या मागं बघून हसली. आत्या दारातच होत्या.

"आता आत्या गप जेवायला बसतात," त्या म्हणाल्या आणि नेमकी खालचीच भाकरी ओढून घेतली.

*

हुमनाबादकडचा एक ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा जेवायला थांबायचा. ओवी दिसली की तोंडानं हॉर्नसारखं पोंऽ करायचा. ती नुसती बघायची. दोन महिने असं चाललं.

एके दिवशी तो नळापाशी वाट अडवून हात धूत होता. मागून आवाज आला, "पों."

तो चटकन बाजूला झाला आणि ओवी पुढं निघून गेली, ओव्हरटेक करून.

हा शब्द धरायचा का, यावर घरात वाद. जाऊबाईंनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी विचारलं, माणूस बाजूला झाला का? झाला. मग धरा!

*

आणि मग तो रविवार. ढाबा भरलेला. गल्ल्याच्या टेबलावर बुंदीच्या लाडवांची काचेची बरणी, खाली ओवी. मामांचा हात सवयीनं झाकणाकडं गेला. त्यांनी तो मागं घेतला, पाठीशी धरला. या वेळी एक-एक करत मोजत होते. ओठ हलताना दिसत होते. बिल द्यायला आलेली माणसंसुद्धा थांबली.

सात. आठ.

"दे," ओवी हात वर करून म्हणाली.

मामांनी खांद्यावरचा गमजा डोळ्यांना लावला. आत्या आतून पळत आल्या, परत म्हण गं माझी बाय, परत म्हण. भावजी, म्हणजे ओवीचे वडील, मोबाईल काढून म्हणाले, थांबा, व्हिडिओ घेतो. जाऊबाई पिठाच्या हातानं तिथंच फरशीवर बसल्या आणि तिला आवळून रडायला लागल्या. कुणी पेढे म्हणालं, कुणी तुळजापूरला जायचं म्हणालं.

ओवीनं आईच्या खांद्यावरून एकेकाकडं बघितलं. मग बरणीकडं. उचललेला हात हळूहळू खाली गेला आणि खालचा ओठ बाहेर आला.

मामांपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मामा," मी म्हणाले, आणि अख्खा ढाबा माझ्याकडं वळला, "मागितलाय की तिनं. आधी लाडू द्या!"